नाव घाल, गाव घाल

टेंभरे बाईंच्या ओच्यात कायम खोडरबराचा भुगा असायचा. दुपारी तीनच्या सुमाराला वाचनालयात चिटपाखरू नसे. तेव्हा बाई परत आलेल्या पुस्तकांची चवड पुढ्यात घेऊन बसत आणि एकेक पान उलटत समासातलं पेन्सिलीचं लिखाण पुसत. पुसताना ओठ घट्ट मिटलेले, नाकपुड्या फुगलेल्या. तुंबलेली मोरी साफ करणाऱ्या माणसाचा चेहरा असतो ना, तसा चेहरा. चवड संपली की उठायच्या, ओचा बाहेर झटकायच्या आणि हात साबणाने धुवायच्या. पेन्सिलीचा भुगा हाताला चिकटत नाही, पण बाई दोनदा साबण लावायच्या.

वाचनालयाच्या स्मरणिकेसाठी बाईंवर लिहा, असं मला सांगण्यात आलं. ‘सर, जरा गोड लिहा, बाई आता नाहीत,’ असंही सांगण्यात आलं. बाईंबद्दल गोड लिहिलं तर त्या वरून खोडरबर फेकून मारतील. शिवाय यात मीही येतो, आणि मी काही चांगला दिसणार नाही. तेव्हा हे स्मरणिकेत छापलं जाणार नाही, हे मला ठाऊक आहे. न छापो.

गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावहून कोहमाऱ्याकडे जाताना आमचं हिरडाटोला लागतं. एसटी थांबते पण ड्रायव्हर इंजिन बंद करत नाही, एवढंच गाव. त्या गावात वाचनालय असणं हेच नवल. दोन खोल्या, लोखंडी कपाटं, वर्तमानपत्रांचं एक लांब टेबल आणि बाई. पातळ सुती, मनगटावर पुरुषी घड्याळ, बाराही महिने छत्री. बाईंनी लग्न का केलं नाही हे विचारायची छाती गावात कोणाची नव्हती. गाव एरवी काहीही विचारतं.

आमच्या गावचे लोक पुस्तकं वाचतात त्यापेक्षा पुस्तकांवर लिहितात जास्त. पहिल्या पानावर ‘पान एक्क्याऐंशी पाहा’, एक्क्याऐंशीवर ‘आता बारा पाहा’, आणि बारावर शिवी. कुठे ‘नायिका शेवटी मरते’. कुठे गावातल्या एखाद्या मुलीचं नाव आणि पुढे जे सांगता येत नाही ते. चित्रंही असत. खाली सही मात्र कधीच नाही. हे सगळं बाई वर्षानुवर्षं पुसत आल्या.

माझी त्यांच्याशी खरी ओळख नव्याण्णव साली झाली. मी डी.एड. करत होतो, वीस वर्षांचा होतो आणि कवी होतो. एका कवितासंग्रहाच्या समासात मी लिहिलं होतं, ‘याला कविता म्हणतात? यापेक्षा बैल बरा हंबरतो.’ पुस्तक परत केलं. बाईंनी ते पान उघडलं, मग माझा सभासद-अर्ज काढला आणि दोन्ही शेजारीशेजारी ठेवले.

‘तूनंच लिवलं ना रे, बिसेन?’

‘नाही जी.’

‘खोटं बोलून राह्यला. अक्षर पाह्य तुझं. शेपूट वर करून पळून राह्यलं.’

मला वाटलं आता दंड, नाहीतर सभासदत्व रद्द. बाईंनी टेबलाखालून एक लांबट वही काढली. तिला सुतळीने पेन्सिल बांधलेली होती. वर लिहिलेलं होतं, ‘अभिप्राय’. वही माझ्यापुढे सरकवून म्हणाल्या, ‘हे घे. हेच इथं लिव्ह. नाव घाल, गाव घाल, मंग पाह्यजे ते लिव्ह. मी खोडनार नाही.’

मी पेन्सिल घेतली. नाव लिहिलं, गाव लिहिलं, आणि मग हात चालेना. शेवटी लिहिलं, ‘हा कवितासंग्रह मला फारसा आवडला नाही.’ बाईंनी वाचलं आणि हसल्या. ‘बाजूले लिवताना वाघ होता. इथं शेळी कायले झाला?’

बाईंचा सगळा कायदा एवढाच. बाकीचं मला त्यांच्याकडे पंधरा वर्षं बघून कळत गेलं.

वहीतलं पान त्यांनी कधी फाडलं नाही. बाजाराच्या दिवशी येणाऱ्या एका बांगडीवाल्याने लिहिलं होतं, ‘ग्रंथपाल बाई दुपारी डुलक्या घेतात व आत उंदराचा वास येतो.’ खाली नाव, गाव, सगळं. बाईंनी त्याच्याखाली लिहिलं, ‘डुलकी लागते हे खरे आहे. उंदराचे औषध कमिटीकडे मागितले आहे. – कुसुम टेंभरे, हिरडाटोला.’ तो पुढच्या बाजाराला आला, वाचलं, आणि बांगड्यांच्या पेटीतून उंदराच्या औषधाची पुडी काढून दिली. कमिटीने मात्र शेवटपर्यंत दिली नाही.

एकदा एक निवृत्त हेडमास्तर रागाने लाल होऊन आले. एक कादंबरी हातात. ‘इथं लेकीबाळी येतात. हे घाणेरडं पुस्तक आधी काढून टाका.’

‘काढू ना जी,’ बाई म्हणाल्या. ‘तुमी पूर्ण वाचा. घान कोन्या कोन्या पानावर आहे, तेवढे आकडे लिवून द्या. खाली सही करा.’

मास्तर पुस्तक घरी घेऊन गेले. चार दिवसांनी येऊन हळूच म्हणाले, ‘बाई, निम्मं झालं. अजून काही आलं नाही.’

‘पुढं असन. घाई कायले करता?’

आठवड्याने मास्तरांनी वहीत सहीनिशी लिहिलं, ‘पुस्तक भिकार आहे. घाणेरडे नाही.’ बाईंनी ते पुस्तक पुन्हा कपाटात लावलं. मास्तरांना कोणी सांगितलं होतं घाणेरडं म्हणून? एसटीत कोणीतरी. त्याला कोणी? कोणास ठाऊक!

म्हणजे बाई सगळंच ठेवून घेत असं मात्र नाही. एका वर्षी गावातल्या एका मुलीने परजातीच्या मुलाशी लग्न केलं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांच्या टेबलावर एक छापील पत्रक ठेवलेलं सापडलं. त्या मुलीबद्दल, तिच्या आईबद्दल. वाचून अंघोळ करावीशी वाटावी असं. बाईंनी सगळी पत्रकं गोळा केली आणि चहाच्या चुलीत घातली. मी तेव्हा नवा नवा मास्तर झालो होतो आणि फार शहाणा होतो. मी म्हणालो, ‘बाई, तुम्हीच तर म्हणता, काहीही लिहा म्हणून. मग हे का जाळता?’

‘खाली नाव कोनाचं आहे?’

‘नाही कोणाचंच.’

‘मंग त्या पोरीनं उत्तर द्याले कोनाच्या दारी जावं?’

मी काहीतरी बोलणार होतो. बाई म्हणाल्या, ‘ज्याले उत्तर देता येत नाही, ते मी ठेवत नाही. जा, चहा पी. तेवढ्यासाठीच चूल पेटली आहे.’

पुढे वाचनालयात संगणक आला. मी तोवर कमिटीचा सचिव झालो होतो. एके दिवशी मी नेटवर एका लेखाखालची मतं वाचत बसलो होतो, बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. लेख एका बाईने लिहिलेला होता. खाली शेकड्याने लोक तुटून पडले होते. ‘दिलजला’, ‘किंग वन टू थ्री’, ‘खरा मर्द’. बाईंनी चष्मा खाली घेतला आणि चवड पुसताना वाचत तशी एकेक ओळ वाचली.

‘हे कोन्या गावचे आहेत रे?’

‘बाई, इथं गाव नसतं.’

‘मंग बाप तरी असते का?’

मी हसलो. बाई हसल्या नाहीत. जरा वेळाने विचारलं, ‘हे पुसते कोन?’ मी म्हटलं, कोणी नाही. बाई गेल्या आणि साबणाने हात धुऊन आल्या.

त्या ‘खरा मर्द’वर मला हसायचा काही हक्क नव्हता. माझंही गुलाबाच्या फुलाचा फोटो लावलेलं एक खोटं खातं होतं. त्यावरून मी जिल्ह्यातल्या कवींना शिव्या देत असे. नव्याण्णव साली वही पुढे आली तेव्हा सुधारलो असं मी लोकांना सांगतो, ते खोटं आहे. मी फक्त सावध झालो होतो.

आता सुनीता. सुनीता पटले आमच्या गावची अंगणवाडी सेविका. नवरा ट्रकवर, कोहमाऱ्याच्या नाक्यावरून रायपूर-नागपूर करायचा. ही सासऱ्याजवळ राहायची, अंगणवाडी करायची आणि दर शनिवारी दोन पुस्तकं न्यायची. तिच्या पुस्तकांत बाईंना कधी काही पुसावं लागलं नाही. तिने गोष्टी लिहिल्या. बाईंनी त्या वाचल्या, चुका दाखवल्या, पुन्हा लिहून घेतल्या. तिने स्वतःच्या मानधनातून गोंदियाच्या एका प्रेसमध्ये चौसष्ट पानांचं पुस्तक छापून घेतलं. मला तिने ते घरी आणून दिलं, पाया पडली आणि म्हणाली, ‘सर, तुमी मोठे लेखक. सांगा जी कसं झालं ते.’

फार चांगलं झालं होतं. माझे दोन कवितासंग्रह निघाले होते आणि दोन्हींचे गठ्ठे माझ्याच पलंगाखाली होते. दहावी शिकलेल्या या बाईने आमच्याच बोलीत, आमच्याच गावचं असं लिहिलं होतं की मला रात्रभर… नको, ते वर्णन नको. जळफळाट झाला, एवढंच.

त्यातली एक गोष्ट पाण्याची होती. चोरखमाऱ्याच्या तलावाएवढा मोठा नसला तरी आमच्या गावालाही एक तलाव आहे, आणि धानाला पाणी कधी सोडायचं ते पाणीवाटपाच्या कमिटीच्या हातात. गोष्टीतल्या विधवेचा नंबर येतो, पण कमिटीचा पुढारी तिला रोज ‘उद्या’ म्हणतो. शेवटी ती सकाळी जाऊन पाटाच्या दारावर छत्री घेऊन बसते. उठतच नाही. लोक जमतात, हसतात, थांबतात. दुपार कलते तेव्हा पुढारी येऊन मुकाट्याने दार उघडतो. संपली गोष्ट. एक वावगा शब्द नाही.

वाचनालयाच्या प्रतीत, त्या गोष्टीच्या शेवटच्या पानावर, समासात कोणीतरी पेन्सिलीने लिहिलं, ‘आपल्या बाया पाण्यासाठी काय काय देतात, हे लेखिकेला अनुभवाने ठाऊक दिसते.’

कोणीतरी नाही. मी. वय वर्षं चौतीस, शाळेतला शिक्षक, वाचनालयाचा सचिव, कवी. दुपारी, टेबलाशी बसून, आजूबाजूला कोणी नाही हे बघून मी ती ओळ लिहिली. लिहिताना छान वाटलं.

ते पुस्तक शनिवारी विक्कीच्या हाती लागलं. विक्कीचं बसस्टँडवर मोबाइल रिचार्जचं दुकान. वाचनालयात तो फुकटच्या पंख्याखाली बसायला येई. त्याने त्या पानाचा फोटो काढला. माझ्या ओळीचा पुढचा अर्धा भाग, ‘लेखिकेला अनुभवाने ठाऊक’ वगैरे, कापून टाकला. ठेवलं काय? ‘आपल्या बाया पाण्यासाठी काय काय देतात.’ वर स्वतःचं घातलं, ‘देखो भाई, ह्या पुस्तकात आपल्या समाजाच्या बायांबद्दल काय लिवलं आहे.’ आणि समाजाच्या ग्रुपवर सोडून दिला. दोन इंचांच्या पडद्यावर छापील काय आणि पेन्सिलीचं काय! दुसऱ्या दिवशी फोटोही गळाला. ओळ टाइप होऊन फिरू लागली आणि खाली लेखिका म्हणून सुनीताचं नाव. म्हणजे नाव शेवटी आलंच, फक्त चुकीच्या माणसाचं.

बाईंकडे तेव्हा साधा फोन होता. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. सोमवारी तीन वाजता त्यांनी चवड पुढ्यात घेतली. मी रजिस्टर बघायला गेलो होतो. सुनीताच्या पुस्तकाच्या त्या पानावर त्यांचा हात थांबला. मग खोडरबर घेऊन त्यांनी ती ओळ पुसली, नेहमीपेक्षा जोर लावून. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, ‘वळन बदललं नाही रे तुझं.’

‘काय जी?’

‘काही नाही.’

बुधवारी चाळीसएक माणसं वाचनालयात घुसली. पुढे आमचे अध्यक्ष. हे भाताच्या गिरणीचे मालक. वाचनालयाची जागा त्यांची, म्हणून अध्यक्ष तेच. आणि पाणीवाटप कमिटीचे पुढारीही तेच. गोष्ट वाचून त्यांना आधीच झोंबली होती, पण ‘हा मीच’ असं कोण म्हणणार? आता बायांच्या अब्रूचं निमित्त आयतं मिळालं होतं. ज्यांनी आयुष्यात बायकोला नावाने हाक मारली नाही, ते बायांच्या अब्रूसाठी घसा फोडत होते.

बाईंनी शांतपणे पुस्तक काढलं आणि ते पान उघडून दाखवलं. पान स्वच्छ. छापलेल्या गोष्टीत तशी ओळ नाही.

‘ते पेन्सिलीनं लिवलं होतं जी, कोन्या वाचकानं,’ बाई म्हणाल्या. ‘सोमवारी मीच पुसलं.’

‘वा बाई!’ अध्यक्ष म्हणाले. ‘ये पेन्सिल-फेन्सिल हमको मत बताव. फोटोमंदी साफ दिसून राह्यलं. तुमी सबूत मिटवलं.’

तेव्हा मी बाईंचा चेहरा पाहिला. जन्मभर घाण पुसणाऱ्या त्या बाईने नेमकी एकदा पुसायला नको होती ती घाण पुसली होती. सुनीताला वाचवू शकेल असा एकच पुरावा होता, तो त्यांच्या ओच्यातून भुगा होऊन बाहेर झटकला गेला होता. त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर बघत होतो.

‘पुस्तक द्या, जाळायचं आहे,’ विक्की ओरडला. मोबाइल वर धरलेलाच होता.

बाईंनी रजिस्टर उघडलं. ‘न्या. पन वाचनालयाचं पुस्तक आहे. नेनाऱ्यानं नाव घालावं, गाव घालावं, सही करावी. सात दिवसांत परत आनावं.’

‘जाळल्यावर परत कसं आनतील जी?’ मागून कोणीतरी.

‘मंग तसं लिवा. “जाळाले नेतो” असं लिवा आनि सही करा. माही काही ना नाही.’

चाळीस माणसं. एकानेही पेन उचललं नाही. याने त्याला ढकललं, त्याने याला. ‘तू कर ना बे.’ ‘मी काऊन? तू कर.’ विक्कीला म्हणाले, तूच पहिल्यांदा टाकलं, तू कर सही. विक्की म्हणाला, ‘मेरा तो दुकान है भाई.’ दहा मिनिटांत खोली रिकामी झाली. मला आजही त्या दृश्याचं हसू येतं, आणि लगेच आठवतं की त्या चाळिसांत एकेचाळिसावा मी होतो.

वाचनालयाची प्रत बचावली. सुनीताच्या घरातल्या प्रती तिच्या सासऱ्यानेच बाहेर काढून दिल्या. बसस्टँडवर, भर बाजाराच्या दिवशी, भाजीवाल्यांसमोर त्या जाळल्या. लोकांनी जळणाऱ्या पुस्तकांसोबत स्वतःचे फोटो काढले. मी दोघाचौघांना विचारलं, पुस्तक वाचलं का? ‘वाचायचं काय त्यात? सगळ्यांना मालूम आहे.’ दुसऱ्या दिवसापासून बायांनी अंगणवाडीत पोरं पाठवणं बंद केलं. सुनीता सकाळी दार उघडायची, खिचडी शिजवायची आणि दुपारी ती गाईला घालून घरी जायची.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी बाईंनी मला थांबवून घेतलं. टेबलावर वही उघडी होती.

‘लिव्ह.’

‘बाई, शाळा विनाअनुदानित, माझी नोकरी अजून पक्की नाही. अध्यक्षांच्या नात्यातले लोक शाळेवर आहेत. मला दोन पोरं…’

‘तिले नोकरी नाही का? तिच्या घरी चूल नाही का?’

‘मग तुम्हीच सांगा ना! तुम्हाला तर माहीत आहे.’

बाईंनी पेन्सिल वहीच्या घडीत ठेवली. मग म्हणाल्या, ‘मी आजपर्यंत दुसऱ्याचं नाव कोनत्या ओळीखाली घातलं नाही. ज्याचं त्यानं घालावं. मी तुले सांगन, रोज सांगन. पन तुझं नाव मी नाही घालनार.’

खरं सांगू? मला आज बाईंचाही राग येतो. एक वाक्य बोलल्या असत्या तर सुनीता वाचली असती आणि माझं जे व्हायचं ते झालं असतं, झालंच पाहिजे होतं. आपला नियम चोख ठेवायला त्यांनी तिला बळी दिलं, असं मी पुढे एकदा त्यांच्या तोंडावर बोललो. त्या म्हणाल्या, ‘हो. चुकलंच असन माहं. पन तू मले हे सांगनारा कोन?’

रविवारी कमिटीची बैठक झाली. ठराव असा: आक्षेपार्ह पुस्तक वाचनालयातून काढून सचिवांच्या ताब्यात द्यावं, आणि सेविकेच्या वागणुकीबद्दल वरच्या कार्यालयाला पत्र जावं. बाईंनी विरोध केला, कारण लिहून दिलं, सही केली. बाकीच्यांनी बोटं वर केली. पत्रावर सचिव म्हणून माझी सही झाली. ठरावाप्रमाणे पुस्तक घेताना बाईंनी रजिस्टर पुढे सरकवलं आणि म्हणाल्या, ‘कर सही.’ चाळीस माणसांना जे जमलं नाही ते मी केलं.

सुनीताचं काम गेलं. नवऱ्याने ट्रकवरून फोन करून काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण ती पेटी घेऊन भावाकडे नागपूरला गेली आणि तिथे ब्लाउज शिवू लागली. जाताना वाचनालयात दोन पुस्तकं परत करून गेली. महिन्याभरात अध्यक्षांनी बाईंनाही ‘वय झालं’ म्हणून घरी बसवलं. विक्कीचं दुकान मोठं झालं.

मग पोस्टकार्डं सुरू झाली. पहिलं आलं ते पुस्तक नेल्याच्या आठव्या दिवशी, वाचनालयातून. ‘आपल्याकडील पुस्तक मुदतीत परत आलेले नाही. त्वरित जमा करावे.’ नोकरी गेल्यावरही दर महिन्याला येत राहिलं. तोच मजकूर, खाली ‘कुसुम टेंभरे, माजी ग्रंथपाल, हिरडाटोला’. आमचं घर त्यांच्या घरापासून चार घरं पलीकडे. रस्त्यात भेटल्या तर ‘पोरं कशी आहेत’ एवढं विचारत. आणि कार्ड टाकायला छत्री घेऊन टपालपेटीपर्यंत चालत जात. बायको विचारायची, कोणतं पुस्तक हो? द्या ना एकदाचं. मी सांगायचो, हरवलं.

शेवटचं कार्ड आलं तेव्हा अक्षर थरथरलेलं होतं. बाई गेल्या त्या आठवड्यात मी शाळेच्या सहलीबरोबर बाहेरगावी होतो. सहल पुढे ढकलता आली असती. मी ढकलली नाही.

दहाव्यानंतर मी कपाटातून पुस्तक काढलं. ते पान उघडून उजेडाकडे तिरपं धरलं. बाईंनी कितीही घासलं तरी पेन्सिलीचे वळ कागदात राहिले होते. माझी ओळ अख्खी वाचता येत होती. पुढच्या अर्ध्या भागासकट. पुरावा चार वर्षं माझ्याच कपाटात होता.

मी वाचनालयात गेलो. तिथला नवा पोरगा संगणकात डोकं घालून बसलेला. पुस्तक जमा केलं, रजिस्टरमध्ये सही केली. वही मागितली. त्याला शोधावी लागली, कपाटाच्या मागे पडली होती. मी त्यात लिहिलं: या पुस्तकाच्या समासातली ओळ सुनीता पटले यांची नाही, माझी आहे. ओळ पूर्ण लिहिली. का लिहिली तेही लिहिलं, जळफळाट हा शब्द वापरून. खाली दिलीप बिसेन, हिरडाटोला. त्याचीच नक्कल एका पत्राने त्या कार्यालयाला पाठवली आणि एक सुनीताच्या भावाच्या पत्त्यावर.

इथे थांबलो असतो तर बरं. पण मी वहीतल्या त्या पानाचा फोटो काढून समाजाच्या त्याच ग्रुपवर टाकला. वाटलं, लोक थुंकतील. थुंकायला हवं होतं. झालं काय? ‘सर, ग्रेट!’ ‘कबूल कराले हिंमत लागते.’ ‘मोठं मन.’ हात जोडलेले, फुलं, बदाम. पहिला बदाम विक्कीचा. एकानेही विचारलं नाही की सुनीताचं पुढे काय झालं. शाळेत माझा सत्कार करायचं घाटत होतं. मी घरी येऊन हात धुतले. दोनदा साबण लावला.

कार्यालयाकडून उत्तर आलं नाही. सुनीताकडूनही नाही. मी दर शनिवारी वाचनालयात जाऊन वहीतलं माझ्या मजकुराखालचं पान बघत असे. कोरं. वर्ष गेलं.

गेल्या दिवाळीनंतर, मंडईच्या जत्रेच्या दिवसांत, तो नवा पोरगा म्हणाला, ‘सर, एक बाई आल्ती. वही मागितली. बसून वाचली अन् गेली.’

मी वही उघडली. माझ्या नावाखाली तीन ओळी होत्या.

‘वाचलं. माफ केलेलं नाही.
सुनीता पटले,
हिरडाटोला.’

वहीची पेन्सिल सुतळीला तशीच लटकत होती. तिने स्वतःच्या पेनाने लिहिलं होतं.